कव्हर घातलेली गिटार

कात्रीची गिटार ऐकून माणसं कार्यक्रमानंतर स्टेजपाशी यायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, गिटार कुठल्या कंपनीची? कात्री गिटार त्यांच्या हातात द्यायचा. ते तिच्या मानेवर नाव शोधायचे, मग मागून बघायचे, मग कात्रीकडे. नाव कुठंच नव्हतं. लाकूड पिवळट पडलेलं, दोन खुंट्या एका जातीच्या आणि बाकीच्या दुसऱ्या, आणि मान जिथं संपते त्याच्या जरा खाली, जिथं त्याच्या तळहाताची कड टेकायची, तिथला रंग पार उडून उघडं लाकूड दिसायचं. विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. भाजी आवडली म्हणून कौतुकानं स्वयंपाकघरात डोकवावं आणि पोचे आलेली कढई दिसावी, तसं.

कात्री हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नाही. तो सलून चालवायचा. एक खुर्ची, समोर मोठा आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाक आणि बाकावर कायम तेच जुने अंक. दिवसा डोकी, संध्याकाळी गिटार. हे नाव आमच्या बँडच्या ड्रमवाल्यानं ठेवलं. ड्रमवाला स्वतः दिवसा लोकांचे नळ दुरुस्त करायचा, म्हणून त्याला आम्ही नळवाला म्हणायचो. कुणी त्याला जरा हळू वाजव म्हटलं की तो म्हणायचा, हळू पिळलं की गळतं. बँडचे मास्तर पियानो वाजवायचे आणि सगळ्यांना शांतपणे सहन करायचे. मी बास वाजवायचो. बास वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, ते मला सोयीचं होतं. कात्रीच्या उजव्या हाताला, जरा मागं, अशी माझी जागा. तिथून त्याचा हात मला इतकी वर्षं दिसला की त्याचा चेहरा मला त्यामानानं कमी पाठ आहे.

आमची मैत्री आधीची, नातं नंतरचं. माझ्या धाकट्या बहिणीशी त्याचं लग्न झालं आणि तोवर मला नावानं हाक मारणारा हा माणूस दुसऱ्या दिवसापासून मला दादा आणि तुम्ही म्हणायला लागला. मी मात्र अरे-तुरेवरच राहिलो. बायको ज्याला दादा म्हणते त्याला मी कसा अरे म्हणू, असं त्याचं म्हणणं. असा हा माणूस होता. कुणी मान दिला तर लाजायचा आणि कुणाला मान देताना स्वतः वाकून जायचा. पुढं जे झालं ते त्याच्या या स्वभावामुळं झालं, म्हणून सांगितलं.

धाकटीचा धंदा कव्हरं शिवण्याचा. सोफ्यांची, गाड्यांच्या सीटची, शिलाई मशिनची, कुणाच्या पियानोचीसुद्धा. तिच्या हाताला सफाई अशी की कव्हर घातलेली खुर्ची तशीच जन्माला आली असं वाटावं. घरी तर विचारू नका. रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, आणि मिक्सरच्या कव्हराला डाग पडू नये म्हणून त्यावर रुमाल. नळवाला म्हणायचा, मी तिच्या घरी फार वेळ एका जागी बसत नाही, माप घेईल.

आम्ही ज्या हॉलमध्ये आठवड्याच्या शेवटी वाजवायचो, तो हॉल पाडून तिथं दुकानं होणार असं ठरलं होतं. त्याच सुमाराला गावातल्या मोठ्या नाटकघराच्या संगीताचं काम बघणाऱ्या बाई कुणाच्या तरी समारंभात आमचं ऐकून गेल्या. दाराजवळ उभं राहून त्यांनी एक संथ धून ऐकली, ज्यात मधे आम्ही सगळे थांबतो आणि कात्री एकटा वाजवतो. नाटकघराला कायमचा बँड हवा होता. त्यांनी मास्तरांना निरोप दिला, या आणि तेवढी ती धून आमच्या स्टेजवर वाजवून दाखवा. म्हणजे आम्ही चौघं पुढं एकत्र वाजवणार की हॉलबरोबर बँडही संपणार, हे कात्रीच्या त्या एकट्याच्या तुकड्यावर ठरणार होतं. हे मास्तर बोलले नाहीत. पण ते न बोलल्यामुळंच ते सगळ्यांना कळलं.

आम्ही खूश झालो, कात्रीला मात्र वेगळीच काळजी लागली. सलूनमध्ये मी गेलो तेव्हा त्यानं भिंतीला टेकवलेल्या गिटारकडे हनुवटीनं खूण केली. इतकी वर्षं लोकांनी त्या गिटारकडे जसं बघितलं होतं, तसं आता तोही बघायला लागला होता. म्हणाला, नाटकघराच्या स्टेजवर हे फळकूट घेऊन उभा राहू? तिथले दिवेसुद्धा हसतील. मी म्हणालो, दिवे ऐकत नाहीत. पण माझं बोलणं असं असतं की म्हटलं काय आणि न म्हटलं काय.

धाकटीनं मात्र ते ऐकलं होतं. तिनं कुणाला न सांगता आपली साठवलेली पुंजी काढली, गिटारच्या दुकानात गेली, जुनी गिटार तिथं देऊन टाकली आणि नवी घेऊन आली. मोठ्या नावाची. मानेवर ते नाव शिंपल्यासारख्या चकाकणाऱ्या अक्षरांत. लाकूड गर्द लाल, आणि पॉलिश असं की कात्रीला गिऱ्हाइकाचे मागचे केस दाखवायला आरसा म्हणून धरता आली असती. त्यानं ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ तार छेडलीच नाही. धाकटी समोर उभी होती. शेवटी तिनं विचारलं, अहो, आवडली ना? त्यानं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी बघितलंय.

नवी वस्तू घरात उघडी कशी राहणार? धाकटीनं मखमलीचं कव्हर शिवलं. पेटीत ठेवताना घालायचं नव्हे. वाजवतानाही अंगावर राहील असं. तारांना जागा सोडलेली, बटणांना गोल भोकं, आतून पातळ स्पंजचं अस्तर, आणि सरकू नये म्हणून कडेनं पक्की शिवण. पॉलिशला घाम लागायला नको, शर्टाच्या बटणाचा ओरखडा नको. कारागिरी म्हणाल तर नजर लागावी अशी. नळवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, हिला स्वेटर पण विणा, स्टेजवर पंखे असतात.

आणि तालमीत आवाज गेला.

म्हणजे सूर बरोबर होते, ताल बरोबर होता. पण तो आवाज नव्हता. कात्रीचा आवाज गोल होता, भरलेला. एक स्वर लावला की तो खोलीत येऊन बसायचा. आता स्वर यायचा आणि उंबऱ्यावरूनच परत जायचा. पातळ, टोकदार, सभ्य. त्या संथ धुनेतला तुकडा आला, आम्ही तिघं थांबलो, आणि कात्रीनं तो बिनचूक वाजवला. मास्तरांनी पियानोच्या पट्ट्यांकडे बघत म्हटलं, चांगलं आहे. ते चांगलं आहे म्हणाले की काय समजायचं ते आम्हाला ठाऊक होतं.

मग शोध सुरू झाला. पहिला आळ खोक्यावर. ज्यातून गिटारचा आवाज बाहेर येतो त्या यंत्राला आम्ही खोका म्हणायचो, आणि आमचा खोका एका जुन्या रेडिओच्या पेटीत बसवलेला होता. एवढ्या मोठ्या घरची गिटार असल्या खोक्याकडे कशी नांदणार, असं नळवाला म्हणाला. मास्तरांनी ओळखीतून चांगला खोका आणला. आवाज मोठा झाला, बाकी तसाच. मग वायर बदलली. मग तारा. मग खोली बदलून बघितली, कारण नळवाल्याला भिंतींचा संशय होता. तो ज्या आत्मविश्वासानं भिंतीवर बोटं वाजवून बघत होता, ते पाहून त्याला आत गळती शोधायचीय की काय असं वाटावं. दर वेळी कात्री नव्या आशेनं बसायचा आणि तोच तुकडा तसाच पातळ वाजवायचा. घरी धाकटीनं विचारलं की म्हणायचा, छान वाजते गं, फार छान. तिला तो खोटं सांगतोय हे मला दिसत होतं. तिलाही थोडं दिसत असावं, पण तिनं मनात वेगळंच धरलं होतं. तिला वाटत होतं, आपण अजून भारीतली घ्यायला हवी होती.

नाटकघराच्या आदल्या दिवशी कात्री सलून मधेच बंद करून माझ्याकडे आला. म्हणाला, दादा, चला माझ्याबरोबर दुकानात. जुनी परत मागू. धाकटीला कळू न देता.

दुकानात आमची जुनी गिटार भिंतीच्या अगदी कोपऱ्यात टांगलेली होती, आणि त्या दिवशी योगायोगानं एक गृहस्थ ती खाली काढून बघत होते. त्यांनी ती खोक्याला जोडली, तार छेडायची नखी घेतली, चार स्वर काढले. अगदी पत्र्याचा डबा. ते हसले आणि गिटार परत द्यायला लागले, तर दुकानदारानं ती आमच्याकडे दिली. कात्री स्टुलावर बसला. नखी बाजूला ठेवली. केस कापायच्या कात्रीच्या कडीनं त्याच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला घट्टा पडलेला होता, त्या घट्ट्यानंच तो नेहमी तार छेडायचा. हात त्या उघड्या लाकडावर टेकला, आणि तोच संथ तुकडा वाजवला. दुकान भरून गेलं. ते गृहस्थ जाता जाता दारात थांबले. त्यांनी आधी खोक्याकडे बघितलं, मग गिटारकडे.

कात्रीचा चेहरा उजळला. बघा दादा, म्हणाला, आवाज हिच्यातच होता.

मला तसं वाटलं नाही. त्या गृहस्थांच्या हातातही तीच गिटार होती, आणि खोकाही तोच. मला दिसला तो त्याचा हात. मानेच्या खाली, त्या उडालेल्या रंगावर असा टेकला होता जसा माणूस आपल्या घरच्या दाराच्या चौकटीला टेकतो. तालमीत हा हात मी इतके दिवस बघत होतो आणि काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. आता काय ते कळलं. नव्या गिटारवर त्या जागी मखमल होती, खाली स्पंज, तिथं हात घसरायचा. म्हणून तो हात मागं न्यायचा, तारा जिथं बांधलेल्या असतात त्या टोकाशी, जिथं कुठलीही गिटार पातळच बोलते. शिवाय एवढ्या भारी वस्तूला अंगठा कसा लावायचा म्हणून दुकानदारानं दिलेली नखी वापरायचा. आणि पाहुण्यांकडे सोफ्याच्या कडेवर बसावं तसा वाजवायचा. कधी आपण काही सांडू, अशा धास्तीनं.

वाटेत मी धीर करून त्याला हे सांगितलं. तो थांबला. म्हणाला, कव्हर काढलं तर तिला काय वाटेल? तिनं किती जीव लावून शिवलंय. मी म्हणालो, मग जुनीच घेऊन ये उद्या. तो म्हणाला, मग तर तिला अजूनच काय वाटेल? दुकानदारानं जुनी एका दिवसासाठी द्यायची तयारी दाखवली होती, तरी निघताना धाकटीचा चेहरा आठवून कात्रीनं ती तिथंच ठेवली होती. हरायचं पण बायकोनं दिलेल्या गिटारवर, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. मला राग आला. मला फारसा राग येत नाही.

मी तसाच धाकटीच्या कामाच्या खोलीत गेलो. ती एका मोटारीच्या सीटचं कव्हर पालथं घालून शिवण तपासत होती. मला बोलायला जड जातं हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून तिनं मशिन बंद केलं आणि वाट बघत बसली. मी सगळं सांगितलं. तालीम, दुकान, हात, मखमल.

“म्हणजे माझ्या कव्हरामुळं?” तिनं विचारलं.

“कव्हरामुळं कमी,” मी म्हणालो. “तो तिला तुझी समजतो. स्वतःची समजत नाही.”

तिनं मशिन पुन्हा सुरू केलं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघून आलो. बोललो ते चूक की बरोबर, या विचारात त्या रात्री मला झोप लागली नाही.

नाटकघराच्या स्टेजवर दिवे अर्धेच लावले होते. बाई तिसऱ्या ओळीत एकट्या बसल्या होत्या. पुढं मोकळ्या खुर्च्याच खुर्च्या. आधी मास्तरांनी एक साधी धून घेतली, हात गरम व्हायला. कात्री मखमलीतली गिटार घेऊन कडेवर बसल्यासारखाच वाजवत होता. धून संपली. बाईंनी नम्रपणे विचारलं, त्या दिवशी वाजवणारे तुम्हीच ना? कात्री हो म्हणाला. बाई म्हणाल्या, बरं, आता ती संथ धून ऐकू या. त्यांच्या आवाजात निकाल जवळजवळ लागलेला होता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि धाकटी आली, खांद्याला तिची कामाची पिशवी. ती सरळ मधल्या वाटेनं चालत आली, बाईंना म्हणाली, एक मिनिट द्या, आणि पायऱ्या चढून स्टेजवर. नळवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या. तिनं कात्रीच्या मांडीवरची गिटार उचलली, पिशवीतून शिवण उसवायचं छोटं हत्यार काढलं आणि कडेची पक्की शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली. तिचे टाके उसवायला कुणाला अर्धा दिवस लागला असता. तिला मात्र आपले टाके कुठं सुटतात ते ठाऊक होतं. मखमल गळून पडली. लाल लाकूड दिव्याखाली चमकलं.

“अगं, राहू दे,” कात्री पुटपुटला. “ओरखडा पडेल.”

“पडेल?” ती म्हणाली. तिनं बोटातलं टोपण काढलं, सुई टोचू नये म्हणून शिवताना घालतात ते लोखंडी, आणि त्याची कड मानेच्या खाली, बरोबर जिथं जुन्या गिटारचा रंग उडालेला होता तिथं, पॉलिशवरून दाबून ओढली. तो आवाज मोकळ्या नाटकघरात सगळ्यांना ऐकू आला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. जिनं उभ्या आयुष्यात लोकांच्या वस्तूंवर ओरखडा पडू दिला नाही, तिनं आपल्या हातानं तो ओढला होता.

“झाली जुनी,” ती म्हणाली. “आता हात ठेवा.”

तिनं त्याच्या बोटांतली नखी काढून घेतली आणि खाली जाऊन बाईंच्या मागच्या ओळीत बसली. हातातलं टोपण तिनं मुठीत आवळून धरलं होतं.

कात्री त्या ओरखड्याकडे बघत होता. मग त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, आणि हात तिथं टेकला. मला माझ्या जागेवरून दिसलं, पुढं निघालेले त्याचे खांदे खाली आले, आणि तो खुर्चीत मागं सरकून बसला. पहिल्यांदाच.

आम्ही धून सुरू केली. त्याचा तुकडा आला, आम्ही तिघं थांबलो, आणि कात्रीनं पहिला स्वर लावला. त्या स्वराला आत यायला कुणाची परवानगी नको होती. तो आला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि तिथं बसला. सलूनमधला आवाज, हॉलमधला आवाज, तोच. पण खोटं सांगणार नाही, तो जास्त स्वच्छ होता. जुन्या गिटारवर वरच्या पट्टीत स्वर थोडा बिघडायचा, तो झाकायला कात्री एक लकब करायचा. आता झाकायला काही नव्हतं. ती लकब त्यानं तरीही केली, आता हौसेनं. नळवाला पुन्हा काठ्या उचलायच्या विसरला आणि एक मात्रा उशिरा आला. आमच्या इतक्या वर्षांत तो उशिरा आला ते तेव्हाच.

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आम्हाला काही सांगायच्या आधी मागं वळून धाकटीला विचारलं, तुम्ही पडद्यांची कामं घेता का?

असा आमचा बँड नाटकघरात गेला आणि धाकटीही गेली, पडदे आणि खुर्च्यांच्या कव्हरांसाठी. आम्ही तिथं पोटभर वाजवलं. कात्रीनं सलून सोडलं नाही. अंगठ्याचा घट्टा गेला तर मी कुठला, म्हणायचा.

लोक पुढंही स्टेजपाशी येत राहिले, आणि आता त्यांना गिटारवर मोठं नाव दिसायचं. हां, तरीच, असं म्हणून ते समाधानानं मान हलवायचे. काही जणांनी तशीच गिटार घेतली, आणि त्यातला एक तक्रार घेऊन आला की आवाज तसा येत नाही. कात्रीनं त्याला बसवून आधी त्याचे केस कापले, मग सांगितलं, रोज वाजवा आणि हिला फार पुसू नका. मला विचारलंत तर चांगली गिटार चांगलीच असते. तिच्या तारा बोटांना कमी टोचतात, सूर टिकतो, आणि वयानुसार बोटं जड झाली तेव्हा तिच्यामुळं कात्री आणखी पुष्कळ दिवस वाजवू शकला. पण ती सोबत करते. वाजवावं लागतं आपल्यालाच. माझं एवढं एकच मत असं आहे, की ज्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार असतो.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. रिमोटला अजून कव्हर आहे, मिक्सरलाही. गिटार भिंतीवर उघडी. मानेखालचं लाल पॉलिश पार निघून गेलंय आणि तळहाताएवढं लाकूड दिसतं. मी चष्मा लावून तो ओरखडा शोधत होतो. सापडला नाही. धाकटी चहा घेऊन आली आणि म्हणाली, “काय शोधतोस दादा? तो केव्हाच झिजला. ह्यांनी तिथं काही शिल्लक ठेवलंय का?”

कात्री आतून म्हणाला, “माझ्या नावावर ढकलू नकोस. सुरुवात कुणी केली?”